लाँगरायफलीच्या दस्त्याची मापे

लाँगरायफलीच्या दस्त्याची मापे ठरवणे ही पारंपरिक ठासणीची रायफल घडवण्यातील आरंभीची पायरी होय. पेन्सिल्व्हेनिया किंवा केंटकी रायफल या नावांनीही ओळखली जाणारी लाँगरायफल १८व्या शतकात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, जर्मन वंशाच्या कारागिरांच्या हातून आकारास आली. तिचा दस्ता बहुधा लहरदार रेषांच्या मेपल लाकडाचा असून तो नळीच्या तोंडापर्यंत जातो. तासून टाकलेले लाकूड परत मिळत नसल्याने पूर्ण मापाचे रेखाचित्र आधी कागदावर काढले जाते.

== मापांचा क्रम ==

मोजणीचा प्रारंभ दस्त्याच्या टोकापासून नव्हे, तर नळीच्या कानापासून होतो. नळीचे मागील तोंड आटेदार बुचाने बंद केलेले असते. कान या बुचाच्या किंचित पुढे, थेट दारूच्या कोठीत उघडावा लागतो. रंजकाची वाटी कानासमोर येईल अशा बेताने चकमकीची यंत्रणा बसवली जाते. यंत्रणेमुळे घोडा अडवून धरणाऱ्या कळीची जागा ठरते आणि कळीमुळे चापाची. त्यानंतरच चापापासून दस्त्याच्या मागील पट्टीपर्यंतचे अंतर मोजता येते. प्रौढ नेमबाजासाठी ते साधारणतः १३½ इंच धरतात. आखूड हातांच्या किंवा जाड कोट घालणाऱ्या व्यक्तीसाठी कमी.

== नळीखालील जाडी ==

सर्वांत अवघड हिशेब येथे असतो. नळी मागील बाजूस १ इंच जाड, तिच्याखाली १/८ इंच लाकूड, गजाचे छिद्र ३/८ इंच आणि त्याखाली पुन्हा १/८ इंच लाकूड धरल्यास एकूण उंची १ ५/८ इंच भरते. परंतु यंत्रणेचा पुढचा बोल्ट नळी व गज यांच्यामधून जातो. ०.१६४ इंच व्यासाचा बोल्ट १/८ इंचात मावत नाही. त्यासाठी नळीच्या खालच्या बाजूस उथळ खाच घ्यावी लागते अथवा मधले लाकूड ३/१६ इंच ठेवावे लागते. दुसऱ्या पर्यायात बंदूक बोजड दिसू लागते, म्हणून अनुभवी कारागीर खाचच पसंत करतात. लांब छिद्र पाडताना गिरमीट वाकडे गेले, तर ते नळीच्या खाचेत किंवा दस्त्याबाहेर निघते आणि सर्व श्रम वाया जातात.

== गाल व खांदा ==

गाल टेकण्याची कड आणि दस्त्याची टाच नळीच्या रेषेपासून किती खाली असावी, हे नेमबाजाच्या मानेवर व चेहऱ्यावर अवलंबून असते. उतार फार झाल्यास बार उडताना नळी वर उसळते व कड गालावर आदळते. मध्यभागी बारीक आणि दोन्ही टोकांस जाड अशा नळीचे बाहेरील पृष्ठ छिद्राला समांतर नसते. तेथे मापे छिद्राच्या मध्यरेषेपासून घेणे सुरक्षित ठरते. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी दस्ता थोडा उजवीकडे कलता ठेवतात.

प्रादेशिक घराण्यांनुसारही रेषा बदलतात. लँकेस्टर घराण्यात दस्त्याच्या वरच्या व खालच्या कडा बहुतांशी सरळ असतात, तर लीहाय घराण्यात वरची कड कमानीसारखी वळलेली आढळते.