टिटिनाबाईंची जमीन

सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचा विषय निघाला की आमच्या बैठकीत एखादी तरी म्हणतेच, "कागदावर नाव असून काय होतंय?" म्हणून आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका बेटाची हकीकत सांगणार आहोत. बेटाचं नाव सायप्रस. तुर्कस्तानच्या दक्षिणेला समुद्रात आहे. तिथे ग्रीक बोलणारे ख्रिस्ती जास्त आणि तुर्की बोलणारे मुसलमान कमी.

१८७८ पासून बेट इंग्रजांच्या हाती होतं. इंग्रज जायची वेळ आली तेव्हा ग्रीकांतले पुष्कळजण म्हणाले, आपण ग्रीस देशात सामील होऊ. तुर्की म्हणाले, मग आमचा भाग वाटून द्या. १९६० साली स्वातंत्र्य आलं ते दोघांनाही नको असलेल्या तडजोडीतून. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, सरकारी नोकऱ्या शंभरात सत्तर ग्रीकांना आणि तीस तुर्कींना. ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन हे तीन देश जामीनदार. जामीनदार घरात शिरला तर काय होतं, हे गटातल्या बाईला आम्ही काय सांगावं!

हे जेमतेम तीन वर्षं चाललं. डिसेंबर १९६३ मध्ये कापाकापी झाली. एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने निकोसिया या राजधानीच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तिला आजही हिरवी रेषाच म्हणतात. हजारो तुर्की कुटुंबं गाव सोडून लहानशा वस्त्यांत कोंडून राहिली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख होते. १९६५ मध्ये ते तिथेच वारले.

मग १९७४. १५ जुलैला ग्रीसच्या लष्करी राजवटीने बेटाचे अध्यक्ष माकारिओस यांना उलथवलं. पाचच दिवसांत तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं आणि ऑगस्टपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त बेट त्याच्या ताब्यात गेलं. दीड लाखाहून जास्त ग्रीक दक्षिणेला पळाले, पुढे चाळीस हजारांवर तुर्की उत्तरेला गेले. दोन्हीकडच्या बायांनी भरला संसार मागे टाकला.

१९८३ मध्ये उत्तरेने आपलं वेगळं राज्य जाहीर केलं. सुरक्षा परिषदेने ते बेकायदा ठरवलं. तुर्कस्तानशिवाय कोणीही त्याला मान्यता दिली नाही. तिथे झेंडा आहे, निवडणुका होतात, पोलीस आहेत. पण बाहेरून पत्र घालायचं तर पत्त्यात 'मर्सिन १०, तुर्कस्तान' लिहावं लागतं. विमानसुद्धा तुर्कस्तानातूनच जातं.

टिटिना लोईझिदू उत्तरेतल्या किरेनिया गावच्या. १९७२ मध्ये लग्न होऊन निकोसियाला आल्या. किरेनियात त्यांच्या नावावर जमिनी होत्या. एका तुकड्यावर इमारतीचं काम सुरू होतं, त्यातलं एक घर स्वतःच्या कुटुंबासाठी. तेवढ्यात सैन्य आलं. मार्च १९८९ मध्ये घरी परत जाऊ द्या म्हणून बायांनी रेषेपलीकडे मोर्चा नेला. त्यात टिटिनाबाईंना पकडलं आणि रात्री उशिरा सोडलं. त्यांनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात तुर्कस्तानवर दावा लावला. तुर्कस्तान म्हणालं, सोडून गेलेल्या जमिनी उत्तरेच्या घटनेने सरकारजमा केल्या, आता बाई मालक नाहीत. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, ज्याला जग राज्य मानत नाही, त्याच्या घटनेने बाईंची मालकी जात नाही. भरपाई मिळायला २००३ उजाडलं. रक्कम दहा लाख युरोच्या वर.

तुर्की बायांचीही घरं दक्षिणेत राहिली, ती तिथल्या सरकारच्या ताब्यात आहेत. २००३ मध्ये रेषेवरची फाटकं उघडली, तेव्हा लोक आपलीच घरं पाहुण्यासारखी बघून आले. पुढच्या वर्षी एकत्र येण्यावर मतदान झालं. तुर्कींनी होय म्हटलं, ग्रीकांनी नाही.

आणि दक्षिणेत काय होतं बघा. निर्वासिताचा दाखला आणि त्यावरची घरकुलाची मदत बापाकडून मुलांना मिळायची. आई निर्वासित असेल तर तिच्या लेकरांना नाही. कायदा बदलला २०१३ मध्ये, आणि हा भेदभाव होता असं त्याच युरोपीय न्यायालयाने सांगितलं २०१५ मध्ये. तोवर त्या बायांची मुलं चाळिशीला आली होती.