सहा मिनिटांचा तास

आजचा भाग सुचला तो माझ्या ताईमुळे. ती सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात तिने मोबाईल खिडकीत टेकवून स्वतःचाच तास रेकॉर्ड केला आणि रात्री ऐकताना कपाळावर हात मारला. "अरे, प्रश्नही मीच विचारतेय आणि उत्तरही मीच देतेय!" वर्गात उभी असताना तिला याचा पत्ताच नव्हता.

ही युक्ती मात्र मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. साल 1963, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी तिथे नवे शिक्षक घडवत होते. शिकाऊ शिक्षकाला थेट भरल्या वर्गासमोर उभं केलं की तो एकाच वेळी फळा, आवाज, गोंगाट, घड्याळ सगळं सांभाळत बसतो. नेमकं कुठे चुकलं हे त्याला कळत नाही, आणि कळलं तरी तो तास काही परत येत नाही. मुलांचा तर गेलाच.

मग त्यांनी तासच छोटा केला. चार-पाच विद्यार्थी, पाचेक मिनिटं आणि सरावाला एकच कौशल्य. शिकवून झालं की व्हिडिओ बघायचा, चर्चा करायची, पाठाची आखणी बदलायची आणि तोच पाठ दुसऱ्या मुलांना पुन्हा शिकवायचा. हेच ते मायक्रोटीचिंग, म्हणजे आपलं सूक्ष्म अध्यापन. व्हिडिओ तेव्हा किती महाग होता म्हणाल, तर 1956 साली आलेलं अ‍ॅम्पेक्सचं पहिलं टेप मशीन कपाटाएवढं होतं आणि किंमत जवळपास 50 हजार डॉलर!

स्टॅनफर्डच्या कौशल्यांच्या यादीत प्रश्न विचारणं, दाखले देणं होतंच, पण एक गंमतशीर नाव होतं: शांतता. गप्प राहणं हेही कौशल्य! त्याचं मोल पुढे मेरी बड रोव या संशोधिकेने दाखवून दिलं. तिने विज्ञानाच्या तासांच्या शेकडो टेप ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबायची, "माहीत नाही" कमी व्हायचं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायची. फक्त दोन सेकंदांचा फरक, पण तो कळायला टेप लागली.

भारतात 1967 च्या सुमारास अलाहाबादला डी. डी. तिवारी यांनी हा प्रयोग केला. पुढे एनसीईआरटीने आपल्या परिस्थितीला जमेल असा साचा बसवला: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण 36. कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून निरीक्षणाचा तक्ता घेऊन सोबतचे छात्राध्यापक बसायचे. विद्यार्थी कोण? तेही तेच!

ताई म्हणते, गडबड इथेच होती. पंचविशीतली मैत्रीण पाचवीतली मुलगी बनून "हो बाई" म्हणते. तिला न समजायला काही उरलेलंच नसतं. आणि तक्त्यावर सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची होती ती मधली बारा मिनिटं, टाचण खोडून नव्याने लिहायची. पण फाईल पूर्ण करायच्या घाईत ताईच्या बॅचमध्ये ती कागदावरच उरली.

आता परत त्या रेकॉर्डिंगकडे. ताईने दुसऱ्या दिवशीच्या टाचणात एकच बदल केला. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहिलं, "मनात तीन मोजायचे." पहिल्या प्रश्नाला वर्ग नुसता बघत राहिला, तिलाच अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या प्रश्नाला मागच्या बाकावरून एक मुलगा बोलला: झाडं रात्री श्वास घेत नाहीत. चूक होतं. महिनाभर तो धडा झालाय असं ताई समजत होती. आता सोमवारी ती तो परत घेणार आहे, मोबाईल खिडकीत ठेवूनच.