बोलणारे आणि न बोलणारे

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ नांवाचें गांव आहे. अक्षय्यतृतीयेस तेथें शेतांत घट मांडतात, भोंवतीं धान्यें ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांवरून पाऊसपाण्याचें व पिकांचें भाकीत सांगतात. ज्याला तें लागू पडतें तो बाजारांत वर्षभर त्याची वाखाणणी करतो. ज्याचें चुकतें तो आपल्या विवंचनेंत गप्प राहतो. म्हणून आपल्या कानीं येतो तो बोलणाऱ्यांचाच हिशेब.

त्याच जिल्ह्यांतील पदवीधर मुलांना आज दुसऱ्याच एका भाकिताची ओढ असते: व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थेंत प्रवेश मिळेल काय? या शिक्षणाचा इतिहास फार जुना नाहीं. हार्वर्डचें विद्यालय १९०८ सालीं निघालें, वाणिज्यशिक्षणाचें मुंबईचें सिडनॅम कॉलेज १९१३ सालीं. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ सालच्या, तर विदर्भांतील नागपूरची २०१५ सालची. जागा थोड्या, उमेदवार फार. तेव्हां उमेदवारांनीं आपापले गुण व निकाल स्वतःच नोंदवावे आणि इतरांनीं त्या कोष्टकावरून आपलें भविष्य काढावें, अशी प्रथा पडली.

अशी गणना कोठें फसते, हें अमेरिकेच्या १९३६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीनें दाखविलें. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या. सुमारें तेवीस लक्ष परत आल्या. त्यांवरून त्यानें लँडन यांचा विजय वर्तविला. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यें रूझवेल्ट यांनीं जिंकलीं! उत्तरांचा ढीग मोठा होता. पण पत्रिका ज्यांना गेल्या व ज्यांनीं त्या परत धाडल्या, ते साऱ्या मतदारांचे प्रतिनिधि नव्हते.

आतां एक कल्पित उदाहरण घ्या. हजार उमेदवारांपैकीं शंभरांस प्रवेश मिळाला. त्यांतील निम्म्यांनीं निकाल नोंदविला, म्हणजे ५०. उरलेल्या नऊशेंपैकीं दहांत एकानेंच, म्हणजे ९०. कोष्टकांत नांवें १४०, यशस्वी ५०. शेंकडा दहाची आशा शेंकडा छत्तीस दिसूं लागली. आणि कोणीही खोटें बोललेलें नाहीं.

मग कोष्टक टाकून द्यावें काय? नाहीं. संस्थेनें प्रसिद्ध केलेले एकूण अर्जांचे व प्रवेशांचे आंकडे त्याच्या शेजारीं ठेवावे. यशस्वी उमेदवार इतरांच्या पांचपट बोलके आहेत, हें त्यांवरून उमगतें. ५० ला पांचानें भागलें कीं १० व ९० हें खरें प्रमाण हातीं येतें. अर्थात् चढ्या गुणांचे लोक अधिक बोलके असतील, किंवा कोणी गुण फुगवून सांगितले असतील, तर एवढ्यानें भागत नाहीं.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. खामगांवची एखादी मुलगी फुगलेल्या आशेवर हातची जागा सोडते आणि वर्ष गमावते. मेहकरचा एखादा मुलगा कोष्टकांतील चढे गुण पाहून अर्जच करीत नाहीं. म्हणून आपल्या मुलांनीं असें कोष्टक पुढें ठेवलें, तर त्यांना एवढेंच विचारावें: यांत ज्यांनीं आपलें नांव लिहिलें नाहीं, ते किती?