कागदाच्या दोन वस्त्या, एक नदी

१८८५ हे वर्ष पुण्याच्या इतिहासात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या स्थापनेचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी डेक्कन पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी मुंढव्याला तिची कागद गिरणी उभी राहिली, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. महाविद्यालयाला एका गव्हर्नरचे नाव मिळाले, गिरणीला त्याच्या जागी आलेल्या लॉर्ड रे यांचे. 'रे पेपर मिल' म्हणून ती ओळखली जाई. फर्ग्युसन हे नाव टिकले. रे यांचे नाव पुढे मंडईवरूनही गेले. आता ते मुंबईच्या हार्बर मार्गावरील एका स्थानकावर तेवढे उरले आहे.

ही गिरणी निघावी म्हणून खटपट करणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे होते. सूत-रेशमाची गिरणी, धातुकाम, रंगकाम अशा ज्या उद्योगांना त्यांनी हातभार लावला, त्यांत कागदही होता. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवणारे रानडे आणि 'मराठी सत्तेचा उत्कर्ष' लिहिणारे रानडे एकच, हे आपण परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. 'निबंधमाला' १८७४ची, 'केसरी' १८८१चा, 'करमणूक' १८९०चे. या सनावळीत गिरणीचे १८८५ का बसू नये? लेखक कोण, छापखाना कोणता, हे आपण विचारतो. कागद कोठून आला, हे विचारत नाही. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे विचारले नव्हते.

गिरणीपूर्वीही पुण्यात कागद होत होता, तोही नदीकाठीच. मुंढव्याहून प्रवाहाविरुद्ध वर आले, की बंडगार्डनजवळ सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० मध्ये पुरा झालेला बंधारा लागतो, पुढे मुळा आणि मुठेचा संगम, आणि मग मुठेच्या काठी कसबा पेठ. तिथला कागदीपुरा म्हणजे हातकागद करणाऱ्या मुसलमान कागद्यांची वस्ती. जुने तरट आणि रद्दी हा त्यांचा कच्चा माल. तो चुन्यात मुरवायचा, कुटायचा, नदीच्या पाण्यात धुऊन धुऊन त्याचा लगदा करायचा, चाळणीवर एकेक ताव उचलायचा, खळ लावून वाळवायचा आणि शेवटी दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. पेशवे दप्तरातील रुमाल उलगडणाऱ्या अभ्यासकाच्या बोटांना हा घोटीव स्पर्श परिचित असतो; मोडी वाचण्याच्या नादात तो त्याची दखल घेत नाही, इतकेच.

इथे एक अडचणीची गोष्ट मान्य करायला हवी. परदेशी मालाला उत्तर म्हणून ज्या यंत्राचे स्वागत झाले, त्याच यंत्राच्या स्वस्त कागदापुढे कागदीपुऱ्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. रानड्यांच्या अर्थविचाराची थोरवी सांगताना हा कागदी आपल्या हिशेबात धरलेला नसतो. १९४० मध्ये पुण्यातच हातकागद संस्था निघाली. तोवर कारागिरी संस्थेत शिकवण्याची वस्तू झाली होती.

यंत्राची पाळीही आलीच. मुंढव्याच्या जमिनीचा काही भाग विकसनासाठी देण्याचा करार २००४ मध्ये झाला. त्यातून वाद उद्भवला आणि फसवणुकीच्या आरोपाचे प्रकरण लवादाकडे जाऊ शकते काय, या प्रश्नावर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विधीच्या विद्यार्थ्यांना डेक्कन पेपर मिल्स हे नाव आज माहीत असते ते या निकालामुळे. स्टेशनजवळच्या राजा बहादूर गिरणीचे दैव थोडे बरे. तिच्या जुन्या इमारतींत निदान उपाहारगृहे तरी आहेत.

२०२२ मध्ये भूमिपूजन झालेल्या नदीकाठ सुधार प्रकल्पात ४४ किलोमीटरचा काठ नव्याने आखला जात आहे. कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव आहे, कागद नाही. आणि मुंढव्याला आता जॅकवेल आहे. शहराचे सांडपाणी तिथून उचलून कालव्यात, शेतीसाठी सोडले जाते.