बॉलचा टप्पा गेलाय की खेळणाऱ्याचं निमित्त? घरीच करा टेस्ट

गल्ली क्रिकेटमधला ठरलेला वाद : "या बॉलला टप्पाच नाही, नवीन आण!" बॉल खरंच खराब झालाय का, हे मोजपट्टी आणि मोबाइल वापरून घरीच तपासता येतं.

बॉल उसळतो कसा?

जमिनीवर आपटला की बॉल क्षणभर दबतो आणि मूळ आकारात येताना वर उडतो. यात काही ऊर्जा उष्णता आणि आवाजाच्या रूपात निघून जाते. म्हणूनच सोडलेल्या उंचीपर्यंत तो परत येत नाही. किती ऊर्जा जाणार, हे बरंचसं मटेरियलवर ठरतं.

• टेनिस बॉल : पोकळ रबर, आत दाबाखालची हवा. डबा उघडल्यावर हवा हळूहळू झिरपते आणि उसळी कमी होते.
• स्क्वॉश बॉल : थंड असताना जेमतेम उसळतो. म्हणून खेळाडू मॅचआधी तो मारून मारून गरम करतात.
• लेदर बॉल : कॉर्कचा गाभा, त्यावर दोरा, वरून शिवलेलं कातडं. शिवणीवर पडला तर टप्पा बदलू शकतो.

टेस्ट कशी करायची?

1. भिंतीवर मोजपट्टी चिकटवा.
2. बॉलचा तळ 100 सेंमीवर धरा आणि न ढकलता सोडा.
3. स्लो मोशनमध्ये शूट करा. बॉल जिथवर उसळतो, साधारण त्याच उंचीवर मोबाइल ठेवा, नाहीतर आकडा चुकतो.
4. त्याच फरशीवर 10 वेळा करा. उंची दर वेळी बॉलच्या तळापासूनच मोजा.

फक्त सरासरी बघू नका

समजा, दोन्ही बॉलची सरासरी 55 सेंमी आली. पण एक 54 ते 56 मध्ये उसळतो, दुसरा 48 ते 62 मध्ये. भरवशाचा पहिलाच. सातत्य कळतं ते सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उसळीतल्या फरकावरून.

आंतरराष्ट्रीय टेनिसमध्येही अशीच टेस्ट होते. नेहमीच्या प्रकारचा बॉल 254 सेंमीवरून कडक पृष्ठभागावर सोडला, की तो 135 ते 147 सेंमी उसळावा लागतो. त्यासाठी तापमानही ठरलेलं असतं : 20 अंश सेल्सिअस.

मग वाद मिटवायचा कसा? जुना आणि नवा बॉल एकाच फरशीवर, एकाच वेळी तपासा. जुना बराच कमी उसळला, तर तक्रार खरी. दोन्ही सारखेच उसळले, तर बॅटिंग सुधारा!