कापशाचे शेवटचे बावीस तास

शनिवार, सकाळी ७
कोथिंबिरीची जुडी घेऊन पिंजऱ्यापाशी गेले. एरवी कापशा उड्या मारत दाराशी यायचा. आज कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मे महिना, उकाड्यानं मलूल झाला असेल, असं मी धरून चालले. ट्रेमध्ये लेंड्या होत्या. निरोगी सशाच्या लेंड्या वाटाण्यापेक्षा जराशा लहान, गोल, चुरडल्या तर आत गवताचा भुसा दिसेल अशा असतात. या मिऱ्यांसारख्या होत्या, काळ्या, टणक. दोन-तीन तर केसात ओवलेल्या. मी त्या पाहिल्या आणि ट्रे धुऊन टाकला.

सकाळी १०
गाजराचा तुकडा त्यानं तोंडात घेतला आणि सोडून दिला. परत घेतला, परत सोडला. भूक मेलेला ससा तोंड फिरवतो. तोंडात घेऊन सोडणाऱ्याला भूक असते, तोंड दुखत असतं. हे मला आज कळतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तसे दाढाही. त्या झिजतात सुकं गवत तासन् तास रवंथ केल्यासारखं चावल्यानं. आमच्याकडे गाजर, गोळी खाद्य आणि मुलाच्या हातची बिस्किटं. गवताचं पाकीट आणलं होतं, पण घरभर कचरा होतो म्हणून माळ्यावर ठेवलं. दाढा घरी दिसतही नाहीत. त्या डॉक्टरांनी उपकरण घालून बघायच्या. दोन वर्षांत एकदाही दाखवल्या नव्हत्या.

दुपारी २
धुतलेला ट्रे तसाच कोरडा.
सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. ते मंदावलं की आतलं अन्न सुकतं, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. सशाला उलटीही होत नाही. बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, म्हणजे तातडीनं दवाखाना. मी संध्याकाळपर्यंत बघू म्हटलं.

रात्री ९
पिंजऱ्यातून करकर ऐकू आली. तो दात खात होता. जवळ घेतलं तर कान गार. मे महिन्यात, पंख्याखाली, गार कान! नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. 'आम्ही कुत्री-मांजरं बघतो, सशाचं नाही.' ससा घरी आणला त्याच दिवशी हे विचारून ठेवायला हवं होतं. चार फोन आणि चार तास गेले.

रात्री १.३०
शहराच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर भेटल्या. ताप मोजला: ३६.४. सशाचं अंग साधारण ३८.५ ते ४० अंश असतं. त्यांनी गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, सलाईन दिलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं. मी भरवू का, असं विचारलं. पोट दगडासारखं लागत होतं; त्यांनी मान हलवली.

पहाटे ५
मागचे पाय एकदा ताणले, आणि संपलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी बॅटरी घेऊन त्याचं तोंड उघडून दाखवलं. खालच्या दाढेची एक धार सुईसारखी आत वळली होती. जिभेच्या कडेला, तिच्या बरोबर समोर, तांदळाएवढी जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या, जुनी.