मोडलेल्या घराचे गाणे

विद्यार्थ्यांची गाणी म्हणजे नुसती मौज, असा आपला समज असतो. परंतु १८१९ साली कार्ल्सबाडच्या ठरावांनी जर्मन विद्यापीठांवर पहारा बसला. राज्यकर्त्यांना अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकांवर बडतर्फीची टांगती तलवार आली, विद्यार्थिसंघ मोडण्यात आले. येना येथील संघाच्या विसर्जनप्रसंगी बिन्झर या विद्यार्थ्याने ढासळलेल्या घराचे आणि त्यातील अभंग चैतन्याचे गीत रचले. ते तरुणांच्या ओठी रुळले. ठराव १८४८ मध्ये रद्द झाले. पुढे १८७९ मध्ये ब्रेसलाऊ विद्यापीठाने संगीतकार ब्राम्स यांना सन्माननीय पदवी दिली. तिची उतराई म्हणून १८८१ मध्ये त्यांनी तेथे जी वाद्यरचना ऐकविली, तीत विद्यार्थिगीतेच गुंफली होती. त्यांत पहिली चाल याच गीताची. शासनाने ज्यांचा संघ मोडला, त्यांचे गाणे विद्यापीठाच्या मानकऱ्याने असे पुन्हा विद्वानांच्या कानी घातले.